खिळा सापडत नाही पण हवा जातेय

आमचं टायरचं दुकान संभाजीनगरला, समृद्धीच्या सावंगी इंटरचेंजकडे जाणाऱ्या रोडला, त्यामुळे नागपूरला निघायच्या आधी हवा चेक करायला गाड्या येतच असतात. मे महिन्यात एक काका आले, छोटी कार, मागचं डावं चाक. म्हणाले दर आठवड्याला हवा उतरते, दोन ठिकाणी दाखवलं, खिळा नाही काही नाही, वॉल्व्हची पिन पण बदलून झाली, तुम्ही फक्त हवा मारून द्या, उद्या पहाटे फॅमिलीला घेऊन नागपूरला जायचंय.

गेज लावला तर ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं, म्हणजे वरवर बघता फार काही कमी नाही. पण गाडी भर उन्हात फिरून आलेली, तापलेलं टायर तीन-चार पीएसआय जास्तच दाखवतं, आणि बाकी तिन्ही चाकं ३७ दाखवत होती. स्लो पंक्चर असा पकडायचा, एकट्या चाकाचा आकडा बघून कळत नाही, चारही ताडून बघायची. थंडीत सगळ्याच चाकांची थोडी हवा उतरते, एकाचीच सारखी उतरत असेल तर लीक आहेच.

म्हटलं काका, चाक खोलू द्या, नुसती हवा मारून मी तुम्हाला समृद्धीवर सोडणार नाही.

आधी ४० पर्यंत हवा भरली, कारण हवा कमी असली की बारीक लीक बुडबुडे सोडतच नाही. टाकीत हळूहळू फिरवलं, नक्षीतून काही नाही, वॉल्व्ह नीट, बाहेरच्या बाजूने बीड, म्हणजे रिमवर घट्ट बसणारी टायरची कड, ती पण नीट. मग चाक आडवं टाकून अलॉयच्या, म्हणजे मिश्रधातूच्या रिमच्या, आतल्या बाजूला साबणाचं पाणी ब्रशने मारलं आणि पोराला सांगितलं आता हात लावू नको. मिनिटभराने कडेजवळ मोहरीएवढा फेस आला. पुसला, परत तिथंच आला. चीर होती, बोट फिरवून पण लागत नव्हती इतकी बारीक. खड्ड्यात चाक आपटलं की बऱ्याचदा अलॉयची आतली कड आधी जाते, तिथं स्पोकचा आधार नसतो, आणि बाहेरून चाक चकाचक दिसतं म्हणून तिकडं कुणी बघत नाही.

मला खरं टेन्शन आलं ते टायर मशीनवर उतरवल्यावर. आतून मूठभर काळा भुगा निघाला आणि साइडवॉलला आतून गोल पट्टा घासलेला, एका जागी धागे दिसायला लागलेले. बाहेरून टायरला काहीच नाही, नक्षी पण भरपूर शिल्लक. हवा कमी असताना चालवलं की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते, आतलं रबर झिजत जातं, मग वरून कितीही हवा मारा, टायर आतून गेलेलं असतं. असलं टायर मे महिन्याच्या उन्हात सिमेंटच्या रोडवर १२० ने चारशेच्या वर किलोमीटर पळणार होतं, आणि मागच्या सीटवर नातवंडं. काकांनी भुगा बोटांत चोळून बघितला आणि तिथूनच काकूंना फोन लावला की पहाटेचं कॅन्सल.

मग म्हणाले स्टेपनी लावून दुपारी निघतो. स्टेपनी काढली तर हवा १४, आणि साइज बारीक, वर ८० च्या स्पीडचा स्टिकर. ती गावातल्या गावात दुकानापर्यंत यायला, नागपूरला जायला नाही. अलॉयची चीर वेल्डिंग करून देणारे मिळतात, पण आम्ही करत नाही, उष्णतेने तिथला धातू कमजोर होतो आणि परत तिथंच तडा जायची भीती असते. मार्केटमधून त्याच साइजची साधी लोखंडी रिम मागवली, नवीन टायर चढवलं, बॅलन्सिंग केलं, स्टेपनीत पण पूर्ण हवा भरली. काकांना सांगितलं की नागपूरला पोचल्यावर लगेच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चाकं थंड असताना हवा बघा. त्यांनी बघून फोन केला, चारही ३३.

नवीन अलॉय नंतर आला तेव्हा बसवायला काकूही बरोबर होत्या, आणि काम संपल्यावर स्टेपनीची हवा त्यांनीच चेक करायला लावली.