आमची वाटचाल: चिऱ्याच्या कंपाउंडपासून डोंगरातल्या संग्रहालयापर्यंत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात आमचं काम सुरू झालं ते कंपाउंडच्या भिंतींनी. वडील गवंडी, मी हिशेब आणि माणसं सांभाळायचो. जांभ्याचे चिरे, शेतघरं, मधूनच एखाद्या देवळाचा ओटा. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उधारी वसूल करायला मात्र तेव्हाच शिकलो.

मग जांबोटीच्या बाजूचे एक बागायतदार आले. घरातली जुनी औतं, तांब्या-पितळेची भांडी मांडायला त्यांना डोंगरउतारावर छोटं संग्रहालय हवं होतं. मोबाइलवर फोटो होता इटलीतल्या दक्षिण टिरोलमधल्या मेसनर कोरोनेस संग्रहालयाचा. आर्किटेक्ट झाहा हदीद यांच्या ऑफिसचं काम, २०१५ साली खुलं झालेलं. २२७५ मीटर उंचीवर, जवळजवळ सगळं डोंगराच्या पोटात. बाहेर डोकावतात त्या काँक्रीटच्या खिडक्या आणि सज्जा. खोदलेली सुमारे ४००० घनमीटर माती त्यांनी परत इमारतीवरच पसरली, म्हणून आतलं तापमान फारसं हलत नाही. हे मला फार आवडलं.

पण तिथं गाठ थंडीशी, इथं पावसाशी. कणकुंबीचा जुलै ज्यानं पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. जांभा छिद्राळ, पाणी पितो. भिंत उतारात पुरली की मागं साठलेलं पाणी तिला ढकलतं आणि आतही झिरपतं. मग लाकडी नांगराला बुरशी, तांब्याला हिरवा कळंक.

आमच्या आर्किटेक्ट मॅडमनी जपानच्या मिहो संग्रहालयाचंही उदाहरण दिलं. आर्किटेक्ट आय. एम. पेई यांची, १९९७ मध्ये खुली झालेली ती इमारत बरीचशी जमिनीखाली आहे, तरी काचेच्या छपरांतून उजेड येतो. काचेचा खर्च ऐकून आम्ही तो विषय तिथंच सोडला.

शेवटी फक्त मागची बाजू उतारात घेतली. मातीला अडवायला आरसीसी भिंत, तिच्या मागं खडी आणि भोकं पाडलेला पाइप, पाणी थेट ओहोळात. चिऱ्यांची भिंत आतून वेगळी. दोन्हींच्या मध्ये माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी मोकळी जागा, वारा खेळावा म्हणून. वर कौलं, वळचण चांगली लांब. मालकांना कोरोनेससारखी पुढं आलेली खिडकी हवीच होती. दरीकडे एक दिली, वर रुंद छज्जा घालून.

आता डोंगरातली कामं येतात, बहुतेक होमस्टेची; संग्रहालयापेक्षा त्यात पैसा बरा. जागा बघायला आम्ही भर पावसातच जातो. पहिल्या खेपेला नकाशा नाही, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं तिथं खुंट्या ठोकून येतो. त्या खेपेचे पैसे लावतो, त्यावरून काही गिऱ्हाइकं रुसतात.