पोर्ट एलन ते आर्डबेग : तीन डिस्टिलऱ्या, पाच किलोमीटर, पायी

नकाशात ते 'इस्ले' दिसतं, पण तिथले लोक म्हणतात 'आयला'. हो, आपल्या तोंडी सहज येतो तोच उच्चार. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या या बेटावर मेच्या सुरुवातीला मी आणि ग्लासगोला राहणारा माझा मावसभाऊ तीन रात्री राहून आलो. धुरकट सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोडाच्या बार्लीपासून केलेली व्हिस्की) आवडणाऱ्याने एकदा तरी इथे यावंच.

ग्लासगोहून लॉख लोमंड आणि इन्व्हररीमार्गे केनाक्रेगचा धक्का गाडीने अडीच-तीन तासांवर आहे. पुढे फेरीने दोन तासांहून थोडं जास्त लागतं. गाडी न्यायची असेल तर आधी फेरीत जागा मिळवा, हॉटेल नंतर बघा. आमची परतीची फेरी वाऱ्यामुळे रद्द झाली आणि एक रात्र जास्त काढावी लागली. परतीचं विमान आणि फेरी यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, एवढं नक्की ऐका.

पोर्ट एलन गावातून रस्त्याच्या कडेने पायवाट निघते. आधी लाफ्रॉईग, मग लागावुलिन, शेवटी आर्डबेग. एकूण जेमतेम पाच किलोमीटर. लाफ्रॉईग आणि आर्डबेग 1815 च्या, लागावुलिन 1816 ची. तिन्ही अगदी समुद्राला लागून आहेत, कारण एकेकाळी धान्य, कोळसा आणि पिंपं सगळं बोटीनेच यायचं-जायचं. एका दिवसात तिन्ही होतात, पण गाईडसोबतची फेरी दोनच ठिकाणी घ्या. तिसऱ्या वेळी जीभही दमलेली असते आणि कानही.

माझा जीव रमला तो लाफ्रॉईगच्या माल्टिंगच्या, म्हणजे बार्लीला मोड आणून माल्ट करण्याच्या जमिनीवर. भिजवलेली बार्ली लांबच लांब खोलीत पसरलेली, लाकडी फावड्याने ती उलटीपालटी करत राहायची, नाहीतर मुळं एकमेकांत गुंततात आणि ढीग तापतो. मूठभर दाणे हातात घेतले. प्रत्येकाला बारीक पांढरं मूळ फुटलेलं, वास ओल्या मटकीसारखा. घरी फडक्यात मोड आणतो तेच हे काम, फक्त टनांच्या मापाने. मोड येताना दाण्यात स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स तयार होतात, पण मोड वाढू दिला तर रोपच तो स्टार्च खाऊन टाकेल. म्हणून वेळीच भट्टीवर वाळवायचं. दाणा ओला असतानाच पीटचा, म्हणजे दलदलीत साचून दबलेल्या वनस्पतींच्या सरपणाचा धूर त्याला धरतो. ती वेळ गेली की नुसती ऊब लागते.

पीटचा वाळका तुकडा हातात गोवरीइतका हलका लागतो आणि त्यात गवताचे धागे दिसतात. झाडं तुरळक असलेल्या या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या हेच सरपण होतं. धुराची चव मुद्दाम कुणी शोधून काढलेली नाही, ती चुलीतूनच आली. आता बऱ्याच डिस्टिलऱ्या पोर्ट एलनच्या मोठ्या कारखान्यातून माल्ट घेतात. जमिनीवर मोड आणणं लाफ्रॉईग, बोमोर, किलहोमन अशा मोजक्याच ठिकाणी उरलंय. डिस्टिलरीतली गाईडसोबतची फेरी बुक करताना त्यात माल्टिंग दाखवतात का, ते आधी विचारा.

धुराचे आकडे तुम्हाला ऐकवतील : आर्डबेगच्या माल्टमध्ये फिनॉल (धुराची चव देणारी द्रव्यं) दहा लाख भागांत पन्नासच्या पुढे, लागावुलिनच्या पस्तीसच्या आसपास. हे आकडे माल्टचे असतात, बाटलीतल्या व्हिस्कीचे नव्हेत. पुढे आंबवण्यात, ऊर्ध्वपातनात आणि पिंपात बरंच काही गळून जातं. त्यामुळे आकडा बघून बाटली निवडू नका.

दुपारी लागावुलिनच्या खाडीवरच्या डुनिव्हेग किल्ल्याच्या पडक्या भिंतींसमोर बसून डबा खाल्ला. वारा बोचरा होता. मे असला तरी विंडचीटर न्याच.

दुसऱ्या दिवशी बोमोर, 1779 ची. तिचं जुनं गोदाम लॉख इंडाल या खाडीच्या काठावर, समुद्राच्या पातळीखाली आहे. आत शिरताच थंड, ओलसर अंधार आणि लाकडाचा गोड वास. स्कॉच म्हणवून घ्यायला तीन वर्षं तरी ओकच्या पिंपात काढावी लागतात, त्यातली दरवर्षी दोनेक टक्के हवेत उडून जाते. तोच हा वास.

गाडी चालवणाऱ्याने एक थेंबही घेऊ नये. स्कॉटलंडची मर्यादा इंग्लंडपेक्षाही कडक आहे, 100 मिली रक्तात 50 मिलिग्रॅम. डिस्टिलरीत सांगितलं की ड्रायव्हरच्या वाटची व्हिस्की छोट्या बाटल्यांत भरून देतात. भावाने सगळ्या जमवल्या आणि रात्री खोलीवर सावकाश चाखल्या. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका. मेअखेरीस व्हिस्की महोत्सव असतो, तेव्हा खोल्या मिळणं फार अवघड.

खरेदीचा हिशोब आधीच करा. भारतात माणशी 2 लिटर ड्यूटी-फ्री आणता येते. तिथली बाटली 700 मिलीची, म्हणजे तीन घेतल्या की 2.1 लिटर झाले. मी दोन मोठ्या घेतल्या आणि उरलेली जागा 50 मिलीच्या छोट्या बाटल्यांनी भरली.