ओमानमधली पाण्याची पाळी

सुट्टीला सांगलीत आले की विश्रामबागेतल्या शेजारणी असोत नाहीतर माहेरी आटपाडीला भेटणाऱ्या काक्या, प्रश्न ठरलेले असतात. सोनं स्वस्त आहे का, बुरखा घालावा लागतो का, मॉल केवढाले असतात. मी मस्कतला इंडियन शाळेत फिजिक्स शिकवते, साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून जाते, कुणी कधी काही बोललेलं नाही. सोन्याचं म्हणाल तर आपल्या विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, भारतभर पसरलेत, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्याच वर्षी विचारलेला प्रश्न वेगळा होता. "तिथं पाऊस न्हाई, नदी न्हाई, मग माणसं जगत्यात कशावर गं?"

शहरापुरतं उत्तर सोपं आहे. मस्कतमध्ये नळाला येतं ते समुद्राचं पाणी, प्लांटमध्ये मीठ काढून गोडं केलेलं. वर्षाचा पाऊस साधारण १०० मिलिमीटर, बारमाही नदी अख्ख्या देशात नाही. पण तात्यांनी आयुष्यभर विहिरी खोदल्यात, टँकरमागं धावलेत, टेंभू उपसा योजनेचं पाणी कधी येणार म्हणून वाट बघण्यात त्यांची किती वर्षं गेली, त्यांना शहराचं उत्तर नको होतं. शेतकऱ्याचं काय, हे हवं होतं.

तर आधी रोजचं सांगते. शाळा रविवार ते गुरुवार, शुक्रवार-शनिवार सुट्टी. पूर्वी सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची, २०१३ मध्ये बदलली. सकाळी लवकर बस येते, वर्गात केरळ, तामिळनाडू, गुजरात, हैदराबादची पोरं, सीबीएसई, एप्रिलला वर्ष सुरू, जून-जुलैच्या कडक उन्हात मोठी सुट्टी. रमजानात तास छोटे होतात, दिवसा बाहेर चारचौघांत काही खायचं नाही प्यायचं नाही, ते मुलंही समजून पाळतात. संध्याकाळी पेपर तपासून झाले की मत्राच्या समुद्रकिनाऱ्यावर चक्कर, कडक करक चहा, कधी आतल्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, लोबान आणि ओमानी हलवा. मस्कतच्या जुन्या भागात महादेवाचं मंदिर आहे, महाशिवरात्रीला तिथं भारतीयांची रीघ लागते, आणि गणपतीत मराठी माणसं जमतात तेव्हा आरतीला आवाज असा चढतो की सांगलीच्या गणपतीसमोर उभं असल्यागत वाटतं.

पण जीव लागला तो शुक्रवारच्या निझवाच्या फेऱ्यांत. मस्कतपासून गाडीनं दीड-दोन तास. सकाळी किल्ल्याजवळ बकऱ्यांचा बाजार भरतो, मधल्या चौथऱ्याभोवती विकणारे बकरी-बोकड दोरीला धरून गोल फिरवतात, घेणारे दोन्ही बाजूंनी बसलेले, जनावर समोरून जाताना थांबवायचं, दात बघायचे, पाठीवरनं हात फिरवायचा, भाव बोलायचा. जुम्म्याच्या नमाजाआधी सगळं उरकतं. मी व्हिडिओ कॉल लावला तर तात्या पंधरा-वीस मिनिटं हललेच नाहीत, आपल्या माडग्याळ मेंढीच्या नाकाबद्दल तिथल्या माणसाला सांग म्हणाले, मी हिंदीत सांगितलं, त्यालाही हिंदी येत होती, आणि दोघं माझ्या फोनवर जनावरांबद्दल बोलत बसले.

बाजारापासून थोडं लांब फलज दारिस आहे. असा फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याला खोल विहीर घेऊन तिथलं भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून गावापर्यंत आणायचं आणि मग उघड्या पाटानं बागांना द्यायचं. मोटार नाही, पंप नाही, नुसता उतार. आणि तोही इतका बारीक की पाणी वाहतं राहिलं पाहिजे पण पाट खरवडला नाही पाहिजे. नववीला गुरुत्वाकर्षण शिकवताना मी हेच उदाहरण देते. बोगद्यावर ठराविक अंतरावर आडासारखी उभी भोकं असतात, गाळ काढायला आणि हवेसाठी. लोक सांगतात की सुलेमान पैगंबर इथं आले, गावं कोरडी बघितली आणि जिनांकडून, म्हणजे गोष्टीतल्या भुतांकडून, दहा दिवसांत दहा हजार फलज खोदून घेतले. खोदले माणसांनीच, पिढ्यानपिढ्या, आणि देशात आजही सुमारे ३००० चालू आहेत. त्यातले पाच २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, दारिस त्यातलाच एक.

मला खोदकामापेक्षा वाटप जास्त भावलं. पाणी गावात शिरलं की पहिलं पिण्याचं, तिथं कुणीही भरून घ्यावं. मग मशिदीत वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, आंघोळीच्या जागांना, मग खजुराच्या बागा आणि सगळ्यात शेवटी हंगामी पिकांची रानं. पाणी घटलं तर आधी ती शेवटची रानं पडीक ठेवायची आणि खजूर वाचवायचा, कारण खजूर मेला तर परत उभा करायला वर्षं जातात. हे नियम आधीच ठरलेले, टंचाईत भांडून ठरवायचे नाहीत. पाळी वेळेवर मोजतात, साधारण अर्ध्या तासाचा एक हिस्सा, त्याला अथर म्हणतात. दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवरनं वेळ बघायची आणि रात्री ताऱ्यांवरनं, आता बहुतेक ठिकाणी घड्याळ आलंय. हिस्सा वारसानं मिळतो, विकता येतो, भाड्यानं देता येतो. काही हिस्से मशिदीचे असतात, काही खुद्द फलजचे, त्यांचा लिलाव करून त्या पैशातनं गाळ काढायचा, भिंती दुरुस्त करायच्या. सगळा कारभार गावानं नेमलेला वकील बघतो, हा कोर्टातला नव्हे, आपल्या पाटकऱ्यासारखा, पण ह्याच्या हातात हिशोबही.

निझवाजवळच्या बिरकत अल मौझ गावात एका बागेत पाट बदलताना बघत उभी होते. म्हाताऱ्या मालकानं कापडात गुंडाळलेला दगड उचलून शेजारच्या तोंडाला लावला, पाणी वळलं, आणि मग आम्हाला खजूर आणि कहवा. पुरे झालं की छोटा कप हातात हलवायचा, नाहीतर ओततच राहतात. मी त्यांना आटपाडीचं सांगितलं, नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांचं, जमीन नसली तरी माणसाला पाण्यात वाटा मिळाला पाहिजे ह्या मागणीचं. ते बराच वेळ ऐकत होते, म्हणाले इथं तर पाणी आणि जमीन वेगवेगळंच धरतात, जमीन नसलेल्याकडंही पाण्याचा हिस्सा असू शकतो. हे ऐकून तात्या फोनवर एकदम गप्प झाले आणि मग म्हणाले, "मग आमी कागदं देऊन देऊन काय वेगळं मागत हुतो?"

तिथूनच वर जबल अख्दर डोंगराचा घाट चढतो. पायथ्याला पोलीस चौकी आहे, फोर बाय फोर गाडी नसेल तर सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे, उतरताना ब्रेक तापतात. वर साधारण २००० मीटरवर सैक पठार, एप्रिलमध्ये गुलाब, ते मातीच्या भट्टीवर उकळून गुलाबपाणी काढतात, आणि उन्हाळा सरता सरता डाळिंबं. आटपाडीची मुलगी मी, डाळिंब बघितल्यावर हात लावल्याशिवाय राहवत नाही, दाणा मोठा, रस भरपूर. पायऱ्यापायऱ्यांची शेतं दरीत उतरलेली, आणि त्यांनाही पाटाचंच पाणी.

वादीत मात्र जपून जावं हे तळमळीनं सांगते. वादी म्हणजे कोरडं पात्र, वर्षभर त्यातनं गाड्या जातात, पण वर डोंगरात पाऊस झाला की इकडं ऊन असतानाही लोंढा येतो. रस्ता ओलांडायच्या जागी लाल-पांढरे खांब लावलेत, पाणी कुठवर चढलं ते कळायला. आपण सांगलीकर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी बघतो, २०१९ ला ती ५७ फुटांच्या घरात गेली होती, आपल्याला पाणी फुटाफुटानं चढताना बघायची सवय. वादी तेवढा वेळ देत नाही. २००७ मध्ये गोनू वादळात मस्कतच्या वाद्यांनी अख्खे रस्ते नेले. लाल-पांढऱ्या खांबाला पाणी लागलेलं दिसलं तर गाडी वळवा, पुढची गाडी गेली म्हणून आपण जायचं नाही.

अजून एक राहिलं. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात आपण जी खारीक घालतो, ती ओमानमधनंही येते. मबसली जातीचा खजूर जुलैच्या सुमारास पिवळा असतानाच उतरवतात, मोठ्या कढयांत उकळतात आणि उन्हात पसरून वाळवतात, त्यातला बराचसा माल भारतात येतो. हे आईला सांगितलं तर तिनं वाण्याकडनं आणलेली खारीक पुन्हा एकदा उलटसुलट करून बघितली.

तात्यांचा पासपोर्ट आता झालाय. येत्या ऑक्टोबरात ऊन जरा उतरलं की घेऊन जाणार आहे, निझवाला दोन दिवस नक्की. त्यांनी वहीत प्रश्न लिहून ठेवलेत: बोगद्याला मुरूम लागला तर काय करतात, छत ढासळलं तर कोण उतरतं, त्याची मजुरी कोण देतं, आणि वकिलानं हिशोबात घोळ केला तर त्याला काढायचं कसं. मी म्हटलं थोडे कमी करा, तर आणखी दोन वाढवले.