ड्रमात मळ्याची माती नको

नर्सरीतून लिंबाचं नाहीतर केसर आंब्याचं कलम आणायचं आणि ओझर-पिंपळगावकडच्या ओळखीच्या द्राक्षबागेतून दोन गोण्या काळी माती मागवायची, ही गच्चीवर झाडं लावणाऱ्या नाशिककरांची ठरलेली रीत. पहिलं वर्ष झाड बरं दिसतं. मग मे येतो. काळी माती सुकून आक्रसते, ड्रमच्या कडेपासून बोटभर सुटते आणि वरून ओतलेली बादली त्या फटीतून थेट भोकावाटे बाहेर पडते. खाली पाणी आलं म्हणजे झाड भिजलं असं वाटतं; आतला गोळा मात्र ठणठणीत कोरडा. जुलैत उलटं. माती फुगते, फटी बुजतात, पाणी हलतच नाही. मुळं कुजतात, पानं मान टाकतात आणि तहान लागली समजून आपण आणखी पाणी घालतो.

मळ्यात हीच माती चालते, कारण मुळांना पसरायला जागा असते आणि खाली मुरूम असतो. ड्रमाला तळ आहे. कुठल्याही कुंडीत निचरा झाल्यावरही तळाशी काही इंच थर चिंब राहतोच. माती जितकी बारीक, तितका तो जाड. ओला स्पंज आडवा धरा, गळणं थांबलं की उभा करा, उंची वाढल्याने पुन्हा पाणी गळेल. पसरट कुंडीपेक्षा खोल कुंडी बरी ती यासाठीच. तळाला खडी घालायची सवयही सोडा. बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या फटींत सहज उतरत नाही, त्यामुळे चिंब थर उलट वर, मुळांजवळ सरकतो. भोकांवर शेडनेटचा तुकडा पुरे.

२०० लिटरचा ड्रम मधोमध कापला तर अर्ध्यासाठी साधारण १० घमेली मिश्रण लागतं. घमेलं लहानमोठं असलं तरी प्रमाण तेच: ३ घमेली त्र्यंबक-इगतपुरीकडची लाल माती, २ भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), २ जुनं शेणखत, २ विटांचे चण्या-वाटाण्याएवढे तुकडे, १ भाताचं तूस. वर पाव किलो निंबोळी पेंड. तुसात सिलिका भरपूर, म्हणून ते लवकर कुजत नाही आणि मिश्रण भुसभुशीत राहतं. अंजीर-डाळिंबाला कोकोपीट एक घमेलं कमी, विटा एक जास्त. पेरू काहीही सोसतो.

विटा भट्टीवरच्या फुटक्या आणा. पाडलेल्या घराच्या नकोत. त्यांना चिकटलेला चुना-सिमेंट मातीचा सामू (पीएच) वाढवतो. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) वापरायचीच तर चाळून, धुऊन, नाहीतर तिची भुकटी फटी बुजवते. कोकोपीट दोनदा धुऊन पिळा, त्यात क्षार असतात. शेणखत हातात घेऊन हुंगा: पहिल्या पावसाचा वास आला तर ठीक, शेणाचा आला तर अजून कच्चं आहे. ते तापतं आणि सोबत हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळीही आणतं.

लिंबाची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, हे आपल्या बोअरच्या जड पाण्याचं देणं. लोह मातीत असतं, पण त्या पाण्याने सामू वाढल्यावर झाडाला ते घेता येत नाही. दुकानात चिलेटेड लोह (झाडाला घेता यावं म्हणून दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं लोह) मागितलं की बहुधा त्यातला ईडीटीए हा प्रकार मिळतो. अशा मातीत तो टिकत नाही. ईडीडीएचए हा प्रकार मागा, महाग आहे पण लागू पडतो.

लावण्याआधी ड्रम भरून एक बादली ओता. पाणी मिनिटाभरात जिरलं पाहिजे. पाच मिनिटं तळं राहिलं तर विटांचं आणखी एक घमेलं मिसळा.

वर्षभरात मिश्रण दोन-तीन इंच खाली बसतं, कारण खत कुजून जातं. भर घालताना कलमाचा जोड गाडला जाऊ देऊ नका. फार खचलं असेल तर पानगळ झाल्यावर अंजीर, आणि लिंबू-पेरू जूनच्या तोंडाशी, गोळ्यासकट वर उचलून खालून भर द्या. दोन माणसं लागतील. भिजलेला अर्धा ड्रम सव्वाशे किलोच्या घरात जातो, म्हणून तो ठेवायचाही स्लॅबच्या मधोमध नाही, बीमवर.