डबीपेक्षा कागद खतरनाक

धडधड व्हायची ती कधी रात्री जेवून आडवं झाल्यावर, कधी आडतीवर सोयाबीनचा भाव ऐकताना, अन दवाखान्यात ईसीजीच्या टेबलावर झोपलं की सगळं एकदम शिस्तीत. साधा ईसीजी बघतो दहाएक सेकंद, तेवढ्यात काय सापडणार? म्हणून डॉक्टर म्हणले २४ तासाचं होल्टर लावू, म्हणजे दिवसरात्र अंगावर ठेवून हृदयाचे ठोके नोंदवायचं यंत्र.

छातीवरचे केस जागोजागी भादरले, चिकटपट्ट्या लावल्या, वायरी खाली आणून कमरेला मोबाईलपेक्षा छोटी डबी. आंघोळ बंद. लातूरचा एप्रिल अन आंघोळ बंद, दुपारी घामानं पट्ट्या सुटायल्या तर बायकोनं वरून मेडिकलची पांढरी टेप मारली, ती काढताना जे झालं ते सांगत नाही.

अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर नावाच्या माणसाचं हे डोकं. पहिलं यंत्र ३८ किलोच्या आसपास होतं, पाठीवर बांधून फिरायचं. तेवढं ओझं घेऊन चाललं तर धडधाकट माणसाची बी धडधड वाढंल की ओ!

पण डबीचं काही वाटत नाही, सोबत एक कागद देतात तो लई खतरनाक. किती वाजता काय केलं, काय त्रास झाला, सगळं लिहायचं, धडधड झाली की डबीवरचं बटन दाबायचं अन टाइम टाकायचा. मी इमानदारीनं लिहायलो, १०.२० जिना चढलो, ११ चहा, ११.४० चहा. संध्याकाळी बायकोनं कागद हातात घेतला, "घरी तर दोनच कप पिता, हे बाकीचे कुठं पिलात?" बरं, सव्वाचारला धाकट्या भावाचा बांधावरून फोन आला होता. ते कसं लिहायचं? नुसतं "फोन" लिहिलं.

रिपोर्टमध्ये मधेमधे जादाचे ठोके निघाले, डॉक्टर म्हणले असे बऱ्याच जणांना असतात, तुमचं हृदय बाकी चांगलंय, घाबरू नका. त्यांना शंका होती एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, आत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जायची भीती असते. पण ते काही जणांना अधूनमधूनच होतं, एका दिवसात सापडंलच असं नाही, म्हणून पुढं परत लावायचंय.

मग त्यांनी पानं उलटत विचारलं, "सव्वाचारला बसल्या जागी ठोके १३० वर गेलेत, काय करत होतात?"

मी आपला कागदाकडं बघायलो.

"बांधाचं भांडण," बायको म्हणली, "दुसरं काय."