सावलीची बाजू महाग

बोगोतात घर शोधत होते तेव्हा एजंटाने पाठवलेल्या फोटोंत खिडकीबाहेर एक मोठं, गोल, लाल विटांचं बांधकाम दिसायचं. जुनं स्टेडियम असेल, असं समजून मी फार लक्ष दिलं नाही. भाडं परवडत होतं, ऑफिसला चालत जाता येत होतं, करार करून मोकळी झाले. राहायला आल्यावर कळलं, हे 'प्लासा दे तोरोस दे सांतामारिया'. बैलझुंजीचं मैदान! आईला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "बैल मारायच्या जागेसमोर घर घेतलंस? आजोबांना बोलू नकोस."

आम्ही मंचरकडचे. आमचा बैल शर्यतीच्या घाटात चांगली बारी मारून आला की आजोबा भंडाऱ्यात न्हाऊन घरी यायचे, आणि त्या रात्री पहिला घास बैलाचा, मग माणसांचा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यती बंद केल्या तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि आजोबांचा मला व्हिडिओ कॉल आला. त्यात ते नव्हतेच, नुसता बैल होता.

तर अशा घरातली मी, इथे येऊन पडले. खरं सांगायचं तर या मैदानात मी एकही झुंज पाहिलेली नाही. २०२० मध्ये बोगोताच्या नगरपरिषदेने भाले आणि तलवार वापरायला बंदी घातली, तेव्हापासून इथे झुंजच झालेली नाही. बैलझुंज खेळणाऱ्यांबद्दल, म्हणजे तोरेरोंबद्दल, मला जे काही कळलं ते तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांमुळे.

त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. घराण्याचा धंदा उशा भाड्याने द्यायचा. मैदानातल्या बैठका सिमेंटच्या, आणि बोगोता समुद्रसपाटीपासून २,६०० मीटरवर. तासाभरात बुडाखालून थंडी चढते. त्यामुळे दर रविवारी दाराशी उशांची चळत घेऊन उभं राहायचं, आधी त्यांच्या वडिलांनी, मग त्यांनी. मला ते 'वेसिना' म्हणतात, म्हणजे शेजारीण. आणि नातीच्या वयाची असूनही बोलताना 'सुमेर्से' म्हणतात. हा इथल्या डोंगराळ भागातला शब्द, आपल्या 'आपण'सारखा आदराचा, पण त्यात माया जास्त. "सुमेर्से कॉफी घेणार?" असं कुणी विचारलं की नाही म्हणवत नाही.

पहिला धडा त्यांनी तिकिटांचा दिला. मैदानाचे दोन भाग, 'सोल' आणि 'सोम्ब्रा'. ऊन आणि सावली. सावलीची बाजू महाग. मी म्हटलं, स्पेनमध्ये ठीक आहे, पण या गारठ्यात तर उन्हाची जागा महाग हवी! ते हसले. "रीत स्पेनहून आली, वेसिना. हवा आमची आहे. रीत कोण बदलणार?"

झुंज कशी चालते ते थोडक्यात सांगते, कारण मला त्यात फार रमायचं नाही. एका दुपारी सहा बैल, तीन मातादोर, म्हणजे मुख्य तोरेरो, प्रत्येकाच्या वाट्याला दोन. आधी घोड्यावरचा पिकादोर भाला मारतो, मग पाठीत रंगीत बाण रोवतात, शेवटी मातादोर लाल फडकं आणि तलवार घेऊन एकटा उभा राहतो. एका बैलाला साधारण वीस मिनिटं. खेळ आवडला तर लोक पांढरे रुमाल हलवतात आणि बैलाचा कान बक्षीस म्हणून मिळतो. फारच आवडला तर दोन. शेजाऱ्यांच्या फोनवर मी व्हिडिओ पाहिला तेव्हा शेवटची दोन मिनिटं डोळे मिटून घेतले. त्यांनी काही न बोलता फोन पालथा ठेवला.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत येशूच्या तसबिरीशेजारी एक फोटो आहे. बुटका, सावळा, गंभीर चेहऱ्याचा माणूस लोकांच्या खांद्यांवर. सेसार रिंकोन. या नावाशिवाय कोलंबियातल्या बैलझुंजीची गोष्ट सुरूच होत नाही.

रिंकोन बोगोताचाच, १९६५ चा. वडील गोंसालो झुंजींचे फोटो काढायचे. त्यांना स्वतःला तोरेरो व्हायचं होतं, ते जमलं नाही. घरची परिस्थिती बेताची. १९८२ मध्ये घराला आग लागली आणि आई आणि बहीण दोघी गेल्या. आईने देवापुढे लावलेल्या मेणबत्तीने पेट घेतला असं सांगतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, सतरा वर्षांच्या रिंकोनने इथेच, माझ्या खिडकीसमोरच्या मैदानात, 'अल्तेर्नातिवा' घेतली. हा मातादोर होण्याचा विधी. जुना मातादोर नव्याच्या हाती तलवार आणि फडकं देतो. गंडाबंधनच म्हणा ना. देणारा होता स्पेनचा नावाजलेला अंतोन्येते.

पुढची आठ वर्षं स्पेनमध्ये त्याला कुणी फारसं विचारलं नाही. १९९० मध्ये इकडे कोलंबियातच, पाल्मिरात, बैलाने मांडी फाडली, मरता मरता वाचला. तेव्हा चढवलेल्या रक्तातून हेपटायटिस सी झाला, तो पुढे अनेक वर्षं त्याला छळत राहिला.

आणि मग १९९१. माद्रिदचं लास व्हेंतास म्हणजे या खेळातलं लॉर्ड्स. तिथे एकाच दुपारी किमान दोन कान मिळवले तर मोठ्या दरवाजातून, 'पुएर्ता ग्रांदे'तून, खांद्यावर बसवून बाहेर नेतात. भल्याभल्यांना ते आयुष्यात एकदाही साधत नाही. रिंकोन २१ मे रोजी त्या दरवाजातून निघाला. दुसऱ्या दिवशी एका तोरेरोच्या जागी बदली म्हणून उतरला, पुन्हा निघाला. ६ जूनला तिसऱ्यांदा, १ ऑक्टोबरला चौथ्यांदा. एका मोसमात ओळीने चार वेळा, याआधी कुणालाच जमलं नव्हतं.

शेजारी हे सांगताना उठून उभे राहतात. एका हातात टेबलावरचा नॅपकिन, दुसरा हात कमरेवर. बाकीचे तोरेरो बैलाजवळ जाऊन त्याला डिवचायचे, रिंकोन लांब उभा राहायचा. वीस-पंचवीस पावलांवरून बैलाला हाक द्यायचा, आणि बैल तोफगोळ्यासारखा सुटला तरी पाय हलवायचा नाही. "ला दिस्तान्सिया," ते म्हणतात, अंतर. एवढ्या लांबून येणाऱ्या बैलाला पूर्ण वेग घेता येतो, सगळी ताकद दाखवता येते. म्हणजे खेळ बैलाच्याही कौशल्याचा होतो, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटतं का? बैलाला विचारायला हवं. पण नॅपकिन धरलेला तो म्हातारा हात अजिबात थरथरत नव्हता, हे मात्र मी पाहिलं.

त्या वर्षीचा कोलंबिया आठवा. पाब्लो एस्कोबार, कोकेन, बॉम्बस्फोट. एस्कोबार शरण आला तो त्याच जूनमध्ये, रिंकोनच्या तिसऱ्या दरवाजानंतर दोन आठवड्यांनी. परदेशी विमानतळावर या देशाचा पासपोर्ट दाखवला की बॅग उसकटली जायची. अशा वेळी आपलं एक बुटकं पोरगं माद्रिदमध्ये लोकांच्या खांद्यांवर बसलेलं टीव्हीवर दिसणं म्हणजे काय असेल! बैलझुंज न पाहणारेही त्या दिवशी रस्त्यावर आले होते, शेजारी सांगतात. त्यांनी त्या आठवड्यात उशा फुकट दिल्या असत्या म्हणे, पण मोसम नव्हता.

रिंकोनच्या आधीचा मोठा माणूस पेपे कासेरेस. माग्दालेना नदीकाठच्या ओंदा गावचा. १९५६ मध्ये त्याने स्पेनच्या सेव्हियात अल्तेर्नातिवा घेतली आणि तीस वर्षं खेळत राहिला. जुलै १९८७ मध्ये सोगामोसोच्या मैदानात बैलाने त्याला उचललं. महिनाभर झुंजून ऑगस्टमध्ये गेला, वय ५२. शेजाऱ्यांच्या मते कासेरेस देखणा आणि रिंकोन खरा. यावर त्यांचे बायकोशी चाळीस वर्षं वाद झाले, कारण बायको कासेरेसची.

तोरेरो होता होता राहिलेलाही एक आहे, चित्रकार फर्नांदो बोतेरो. लहानपणी मामाने मेडेयीनच्या तोरेरो शाळेत घातलं होतं. पोराने तलवारीऐवजी जलरंग हाती घेतले, पहिली चित्रंही बैलांचीच. त्याची फुगीर माणसं पाहायला इथल्या संग्रहालयात तिकीट लागत नाही, कुणी आलात तर नेईन.

सांतामारियाची एक गोष्ट मात्र शेजारी हळू आवाजात सांगतात, आणि तिच्यात बैल नाही. जानेवारी १९५६ च्या शेवटच्या रविवारी हुकूमशहा रोखास पिनियाची मुलगी झुंज पाहायला आली आणि प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली. विरोधी पक्षाच्या नेत्यासाठी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी, ५ फेब्रुवारीला, साध्या कपड्यांतले सरकारी लोक आधीच बैठकांवर पेरून ठेवले होते. हुकूमशहाच्या नावाने जयजयकार झाला, त्यात जे ओरडले नाहीत त्यांना मारहाण झाली, बैठकांवरून खाली फेकलं गेलं. माणसं मेली. शेजारी तेव्हा पाच-सहा वर्षांचे. वडील त्या संध्याकाळी उशा तशाच टाकून घरी आले, एवढंच त्यांना आठवतं. उशा टाकून ते कधीच येत नसत.

मे २०२४ मध्ये संसदेने देशभर बैलझुंजींवर बंदी आणणारा कायदा ९३ विरुद्ध २ मतांनी मंजूर केला. तीन वर्षांची मुदत, तोपर्यंत या धंद्यावर जगणाऱ्यांना दुसरं काम द्यायचं, मैदानं खेळ आणि कलांसाठी वापरायची. राष्ट्राध्यक्ष गुस्ताव्हो पेत्रोने २२ जुलैला सही केली ती मुद्दाम सांतामारियातच. बोगोताचा महापौर असताना २०१२ मध्ये याच माणसाने इथल्या झुंजी थांबवल्या होत्या, पुढे कोर्टाने त्या पुन्हा सुरू करायला लावल्या. त्यामुळे त्याचा चेहरा त्या दिवशी जरा जास्तच खुललेला होता.

खिडकीतून मला गाणी, घोषणा ऐकू येत होत्या. मीही खिडकीत उभी राहून टाळ्या वाजवल्या. वाजवताना आजोबांचा तो कॉल आठवला. आमचा बैल संध्याकाळी गोठ्यात परत येतो, हा फरक मोठा आहे, मी स्वतःला बजावलं. तरी टाळ्या जरा ओशाळल्याच.

खाली गेले तर शेजारी रेडिओ लावून बसलेले. मला वाटलं चिडलेले असतील. "नात मैदानात आहे," ते म्हणाले. "जनावरांची डॉक्टर होणार आहे. हिरवा टीशर्ट घालून गेलीय." मग थोड्या वेळाने, "तिला उशी दिली. सिमेंट तसंच थंड आहे."

परवा मैदानात गाण्यांचा कार्यक्रम होता. मी दोन तिकिटं काढली, त्यांच्यासाठी एक. ते इस्त्रीचा कोट घालून, काखेत दोन उशा मारून तयार. कापड विरलेलं, एका उशीला शिवण नवी. आत गेल्यावर मी आमच्या जागा शोधू लागले तर ते मला ओढून भलत्याच बाजूला घेऊन गेले. रात्रीचे आठ वाजले होते, ऊन नाही, सावली नाही, वरून बारीक पाऊस.

"आपल्या जागा तिकडे आहेत," मी म्हटलं.

"तिकडे सोम्ब्रा," ते उशी मांडत म्हणाले. "आम्ही सोलवाले."