आठवणी लिहिताना

आज बेळगावच्या शहापुरात आठवणी-लेखनाचा वर्ग झाला. बहुतेक वह्या जन्मापासून सुरू होतात आणि चौथीत पोचेपर्यंत दम सोडतात. त्यापेक्षा एकच जागा, एकच तास घ्या. दोन पानं पुरेत. ‘प्रेमळ आजी’ खोडा. फुंकणी, ओल्या लाकडाचा धूर, पदरानं पुसलेले डोळे येऊ द्यात.

साल आठवत नसेल तर शाळेचा दाखला, शेताचा उतारा ताडून बघा. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं; जुने कागद बहुधा मराठीत, पुढचे कानडीत. वाचणारा सोबत न्या.

सगळ्यात मोठं नुकसान बोली पुसल्यानं होतं. ‘काय करूलैस?’चं ‘काय करतेस?’ केलं की माणूसच पानावरून उठून जातो! संवाद कानडी शब्दांसकट तसाच ठेवा. मग मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली तिथं वाक्य तोडा.